समाजसेवक निवडून आला, पण दप्तर कोण वाचणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या निवडणुकांच्या निमित्ताने सामाजिक कामातून राजकारणात आलेल्या उमेदवारांविषयी आपल्या दैनिकात बरेच छापून येत आहे. वाचकांच्या पत्रांत दोनच सूर दिसतात. एक, चांगल्या माणसांनी राजकारणात यायलाच हवे. दुसरा, आला की तोही तसलाच होतो. पंचायत विभागात उमेदीची वर्षे काढलेल्या आम्हा काही जणांना हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. बिघडणारे बिघडतात, नाही असे नाही. पण रक्तदान शिबिरे, चारा छावण्या, जलसंधारण, पूरग्रस्तांची मदत यांतून नाव कमावलेला माणूस सरपंच किंवा सदस्य झाल्यावर फसतो, तो बहुधा कागदपत्रांत फसतो. आणि ज्या सवयींमुळे तो निवडून येतो, त्याच सवयी त्याला ते कागद वाचू देत नाहीत. यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे.

सुरुवात अर्जापासून होते. कार्यकर्ता सहसा ऐनवेळी उभा राहतो. आरक्षणाची सोडत निघते, पॅनेलला स्वच्छ चेहरा हवा असतो, गाव आग्रह करते. मग चार दिवसांत कागद गोळा करायची धावपळ. ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधले कलम 14 त्याने वाचलेले नसते. विरोधकाच्या वकिलाला मात्र ते पाठ असते. कराचे बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर सदस्यत्व जाऊ शकते. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर जाते. घरी शौचालय आहे आणि ते वापरात आहे, याचा दाखला देता आला नाही तरी जाते. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार सातवी उत्तीर्ण हवा. राखीव जागेवर निवडून आल्यावर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर निवड रद्द ठरते. ‘पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल आहे’ एवढ्या उत्तरावर पाच वर्षे निघत नाहीत.

आमच्या पाहण्यात चांगली माणसे सर्वाधिक अडकली ती अतिक्रमणाच्या मुद्द्यावर. आजोबांनी गायरानात घर घातले, वडिलांनी त्यावर स्लॅब टाकला, नातू समाजसेवा करून निवडून आला. अतिक्रमण मी केलेच नाही, हा बचाव आता चालत नाही. कुटुंबातल्या दुसऱ्याने सरकारी जागेवर केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल तर तोही अपात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 सालीच स्पष्ट केले आहे. म्हणून उभे राहायचा विचार डोक्यात आला की प्रचाराच्या आधी नमुना 8 (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) चा उतारा काढावा, घराची जागा कोणाच्या नावे आहे ते पाहावे, शंका असेल तर मोजणी करून घ्यावी. हे काम सोडत निघाल्यावर होत नाही.

खर्चाच्या हिशेबाचेही तेच. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब तहसील कार्यालयात गेला पाहिजे. पडलेल्यानेही आणि बिनविरोध आलेल्यानेही. कार्यकर्त्याला वाटते, आपण खर्चच केला नाही, हिशेब कसला? फ्लेक्स मित्राने छापला, चहा मंडळाने पाजला, रिक्षा कोणाची तरी होती. पावती एकाचीही नाही. ज्याने बेसुमार पैसा ओतला तो नीट टंकलेला हिशेब वेळेत देतो आणि सुटतो. ज्याने काहीच खर्च केला नाही, त्याला कलम 14 ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रतेची नोटीस येते. कलमात सोय आहे, कारण पटले तर सवलत मिळते. पण ‘माहीत नव्हते’ हे कारण पटत नाही.

आता निवडून आल्यानंतरचे पहिले काही महिने. सत्कार चालू असतात. याच काळात दप्तर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वह्या आणि कागद, ताब्यात घ्यायचे असते, आणि ते कोणी घेत नाही. रोकडवही म्हणजे नमुना 5 मधली शिल्लक आणि प्रत्येक बँक पासबुकातली शिल्लक एकाच तारखेला जुळवून पाहावी. फरक असेल तर त्याच दिवशी लेखी नोंद करून गटविकास अधिकाऱ्यांना कळवावे. मागच्या तीन-चार वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्यावेत आणि कोणते आक्षेप अजून निकाली निघालेले नाहीत ते पाहावे. पथदिवे आणि पाणीपुरवठा यांची वीजबिलाची थकबाकी वेगवेगळी लिहून काढावी. जडवस्तू नोंदवहीतल्या मोटारी, पाइप, संगणक प्रत्यक्ष आहेत का ते मोजावे. अर्धवट राहिलेल्या कामांची मोजमाप पुस्तके कोणाकडे आहेत हे विचारावे. शाखा अभियंत्याच्या पिशवीत आहेत असे उत्तर मिळाले तर ते काम वादात जाणार हे समजून चालावे.

आणि डोंगल, म्हणजे डिजिटल सहीसाठी संगणकाला जोडायचे उपकरण. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. सरपंचाचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, ही पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतच नाही. उद्या चौकशी लागली तर सही सरपंचाची असते. अधिनियमानुसार सरपंच आणि सदस्य लोकसेवक धरले जातात, त्यामुळे लाचलुचपतीचा कायदा त्यांना लागू होतो. ‘मी तर समाजसेवक’ म्हणून तिथे सूट नाही.

पहिल्या वर्षाबद्दल आणखी एक. नवा सरपंच येतो तेव्हा त्या वर्षाचा विकास आराखडा आधीच्यांनी केलेला असतो आणि तो ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगात (2021 ते 2026) निधीचे 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि 40 टक्के अबंधित अशी वाटणी होती. त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला, 10 टक्के जिल्हा परिषदेला. प्रचारात कबूल केलेले सभागृह बंधित पैशातून होत नाही, मग लोक म्हणतात बदलला. तो बदललेला नसतो. जे कबूल केले ते कोणत्या लेखाशीर्षात (निधीच्या सरकारी खात्यात) बसते हे त्याने विचारलेलेच नसते. स्मशानभूमी किंवा ग्रामपंचायत इमारत हवी तर जनसुविधा योजनेतून जिल्हा नियोजन समितीकडे जावे लागते. रस्ता 3054 किंवा 5054 या लेखाशीर्षांत धरायचा तर त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक लागतो. क्रमांक नसलेल्या पाणंदीवर नारळ फोडून उपयोग नाही. 25-15 (लेखाशीर्ष 2515) ची कामे आमदारांच्या शिफारशीने येतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. उरलेल्यात पगार, वीज, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर. हे कळले म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी वसूल केल्याशिवाय सरपंचाच्या हातात स्वतःचे असे काही नसते हेही कळते. आणि नेमकी वसुलीच समाजसेवकाला जड जाते, कारण आजवर त्याने लोकांना दिलेले असते, मागितलेले नसते.

टँकरचे उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण सांगलीतले जत, आटपाडी आणि साताऱ्यातले माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात कार्यकर्त्याचे नाव बहुतेक वेळा टँकरनेच होते. देणगीदार गाठायचा, टँकर भरायचा, चौकात उभा करायचा. पद मिळाल्यावर काम वेगळे आहे. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो, म्हणजे उन्हाळ्याचा विचार दिवाळीआधी करावा लागतो. टँकर हा शेवटचा उपाय धरलेला आहे. त्याआधी विहिरीतला गाळ काढणे, खोलीकरण, बुडक्या (नदी-ओढ्याच्या पात्रातले खड्डे) घेणे, विंधन विहिरींची आणि नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, खासगी विहिरीचे अधिग्रहण हे सगळे येते. ‘हे शक्य नाही, कारण अमुक’ असे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर फाइल परत येते.

प्रस्तावात ठरावाची नक्कल, वाड्यावस्त्यांसह लोकसंख्या, जनावरांची संख्या, आजच्या उद्‌भवांची (पाण्याच्या स्रोतांची) स्थिती, टँकर कुठून भरणार आणि ते ठिकाण किती किलोमीटरवर आहे, एवढे हवे. मग तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि पाणीपुरवठ्याचे उपअभियंता यांची संयुक्त पाहणी होते आणि मंजुरी मिळते. निकष माणशी रोज 20 लिटरचा. 1,800 लोकांच्या गावाला 36,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. घोळ होतो तो आकड्यात. जनगणना 2011 ची, त्यानंतर वाढलेली वस्ती धरलेली नसते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपल्यावर परत येतात आणि एप्रिलमध्ये पाण्याची गरज एकदम वाढते. प्रस्ताव मात्र जानेवारीतल्या गावाचा असतो. दुसरा घोळ भरण्याच्या ठिकाणचा: तिथे वीज सहा तास असेल तर तीन खेपा कागदावरच होतात. लॉगबुक आणि जीपीएस नोंद दर आठवड्याला पडताळणे हे सरपंचाचे काम. ते फोटोत दिसत नाही, म्हणून होत नाही.

खाली कृष्णाकाठी हेच पुराचे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि ब्रह्मनाळची बोट दुर्घटना सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या पुरात जिवावर उदार होऊन काम केलेली कितीतरी तरुण मंडळी पुढे पॅनेलमधून उभी राहिली. निवडून आलेल्यांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत. बोटीच्या इंजिनाची सर्व्हिसिंग मे महिन्यात झाली का? लाइफ जॅकेट किती, त्यातली वापरण्याजोगी किती? बोट चालवणारा कोण आणि त्याचे मानधन कोणत्या शीर्षातून? किती फुटांवर कोणत्या गल्लीत पाणी येते याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली आहे का? मदत वाटपाला हजार हात येतात. मे महिन्यातल्या सर्व्हिसिंगला एक ठराव लागतो आणि तो मांडायला सदस्य लागतो.

मासिक सभेची गंमत सांगितली पाहिजे. तीन दिवस आधी नोटीस, विषयपत्रिका, निम्मी गणपूर्ती, हे सगळे ठीक चालते. उद्योग होतात ते शेवटच्या ओळीत: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. जागा भाड्याने देणे, नाहरकत दाखला, ठेकेदाराला मुदतवाढ, सगळे तिथून जाते. इतिवृत्त सभेतच लिहून, सूचक-अनुमोदकांची नावे घालून, खालची कोरी जागा रेघ मारून बंद करून सही करावी. ‘प्रोसिडिंग नंतर लिहितो साहेब, तुम्ही सही करून जा’ हे वाक्य ऐकले की खुर्चीवरून उठू नये. सरपंच थेट निवडून आलेला आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, अशा गावात तर इतिवृत्त हेच एकमेव संरक्षण. थेट निवड 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. अशी कोंडी झालेली गावे सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत सापडतील.

एवढे सगळे करायला वेळ कुठून आणायचा? इथेच जुनी सवय आड येते. पहाटेपासून दारात माणसे. रेशनकार्ड, संजय गांधी निराधारचे पैसे, सिव्हिलला खाट, पोलीस ठाण्यात एक फोन. यातले बरेचसे तहसीलचे काम, सरपंचाला त्यात अधिकार नाही. पण ‘आता पद मिळाले, ओळखत नाही’ असे ऐकण्यापेक्षा तो गाडी काढतो. दिवस तहसीलच्या व्हरांड्यात जातो आणि ग्रामपंचायतीत कागद सहीला साचतात. ज्यांनी हे काम संस्थेतल्या एखाद्या स्वयंसेवकाकडे सोपवून आठवड्याचे दोन दिवस कार्यालयासाठी राखले, त्यांचा कार्यकाळ बरा गेला. लोक सुरुवातीला रागावतात, हे खरे.

संस्थेवरून आठवले. नोंदणीकृत न्यास असेल तर पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत जायला हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या ग्रामपंचायतीत आपण सदस्य आहोत तिच्या कुठल्याही कामात आपला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये. तोही कलम 14 मधलाच अपात्रतेचा मुद्दा. कालपर्यंत संस्थेचा जेसीबी ओढ्याचे खोलीकरण करत होता, लोक धन्य धन्य म्हणत होते. आज तोच जेसीबी, तेच डिझेल, पण बिल ग्रामपंचायतीचे, की झाला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. राजीनामा, वेगळे खाते, वेगळी गाडी, आणि संस्थेच्या बॅनरवरून आपला फोटो खाली. फोटो काढणे सगळ्यांत अवघड जाते.

श्रमदानाच्या कामांबाबतही बोलायला हवे. सातारा जिल्ह्यात या चळवळीचे मोठे नाव आहे. वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेची सुरुवात 2016 ला झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि पहिला क्रमांक वेळूने पटकावला. 2018 ला माणमधल्या टाकेवाडीने. पण सलग समतल चर (उतारावर पाणी अडवणारे) दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतात, दगडी बांध ढासळतात. खोदायला गाव येते, गाळ काढायला येत नाही. इथे निवडून आलेल्या कार्यकर्त्याचा खरा उपयोग आहे: देखभालीची रक्कम दरवर्षी आराखड्यात आणि अंदाजपत्रकात धरून घेणे. रक्कम लहान असते, म्हणूनच ती पहिल्यांदा कापली जाते.

महिलांच्या बाबतीत आमचे मत थोडे उलटे आहे. 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत आणि ‘पतीच कारभार बघतात’ हे रडगाणे जुने झाले. बचत गटातून आलेल्या बाईला मासिक सभा, ठराव, वही, हजेरी, कर्जाची वसुली यांची सवय असते. पुरुष कार्यकर्त्यापेक्षा तिला दप्तर लवकर कळते. तिला अडवले जाते ते दप्तर दाखवले जात नाही म्हणून. नोटीस तिच्याच हातात पडेल, इतिवृत्ताची नक्कल तिच्याच घरी जाईल, एवढे विस्तार अधिकाऱ्यांनी पाहिले तरी बराच फरक पडतो.

जिल्हा परिषदेचा सदस्य आणखी वेगळ्या अडचणीत. सांगलीत 61 गट, साताऱ्यात 65, आणि प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण. एकट्या सदस्याला कार्यकारी अधिकार जवळजवळ नाहीत. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा; खरे काम विषय समित्यांत. सगळ्यांना बांधकाम समिती हवी असते. शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र यांत आयुष्य घातलेल्या माणसाने शिक्षण किंवा आरोग्य समिती मागावी आणि प्रत्येक सभेत एकाच विषयावर जोर धरावा: मागील सभेतील ठरावांचे अनुपालन, म्हणजे ते अमलात आले का. भाषणाने अधिकारी हलत नाहीत. अनुपालन अहवालात तीनदा ‘कार्यवाही सुरू’ आले की चौथ्यांदा लेखी खुलासा मागता येतो. मार्च 2022 पासून दोन्ही जिल्हा परिषदांवर प्रशासक बसला आणि निवडणुका घ्या असे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले. एवढ्या काळात सभागृह कसे चालते हे पाहिलेलीच नाही अशी पिढी तयार झाली, आणि सदस्यांविना कारभाराची अधिकाऱ्यांनाही सवय लागली.

ही शिडी चढता येते याचे उदाहरण दूर शोधायला नको. आर. आर. पाटील 1979 ते 1990 सांगली जिल्हा परिषदेत सदस्य होते, मग तासगावचे आमदार झाले. पुढे ग्रामविकास खाते हाती आल्यावर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्याच्या आखणीत गावचा कारभार आतून पाहिलेल्या माणसाची खूण दिसते: स्पर्धा, गुण, तपासणी समिती, बक्षीस, आणि सरकारी अनुदान कमीत कमी. त्याच तासगाव तालुक्यात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग करून पाहिला आणि 1977 मध्ये तिचा राज्याचा कायदा झाला. आजच्या कार्यकर्त्याला मात्र पहिल्याच टर्मनंतर विधानसभा दिसू लागते. दोन टर्म जिल्हा परिषदेत काढायची तयारी नसेल तर संस्थेतच राहिलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संस्थेतून होणारे काम कमी प्रतीचे नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. निवडून आलेल्यांच्या सत्काराच्या बातम्या जरूर छापा. सोबत वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्यातल्या निवडक ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद गट घेऊन तीन गोष्टी माहिती अधिकारात मागवा: सभांची हजेरी, सदस्याने स्वतः मांडलेले ठराव आणि त्यांचे अनुपालन. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची. ग्रामपंचायतीसाठी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावे करावा, जिल्हा परिषदेसाठी सामान्य प्रशासन विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. हजेरीपत्रकाची छायाप्रत मागा, नुसता गोषवारा घेऊ नका. गोषवाऱ्यात सगळेच हजर असतात.

आपले,
पंचायत विभागातील काही निवृत्त कर्मचारी,
तासगाव आणि विटा, जि. सांगली